स्मांगुसला जायचंय? आधी गावाला विचारा

शिन्चू हे नाव आपल्याकडे कानावर येतं ते चिपमुळे. तैवानच्या या भागात चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीचं मुख्यालय आहे. तिथल्या त्सिंग ह्वा विद्यापीठात आपल्याकडची मुलंही शिकायला जातात. शिन्चूचं प्रसिद्ध विज्ञान उद्यान १९८० साली सुरू झालं. त्याच शिन्चूच्या डोंगरात, ज्यान्शी तालुक्यात, स्मांगुस नावाचं गाव आहे. तिथे पहिला दिवा लागला तो १९७९ मध्ये. गाडीरस्ता यायला आणखी सोळा वर्षं लागली. वीज सगळ्यांत उशिरा आली म्हणून तैवानमध्ये त्याला ‘अंधारातलं गाव’ म्हणत.

गाव अतायल आदिवासींचं, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर. जपानी राजवटीत या लोकांना खाली हलवलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते परत वर आले. रस्ता नव्हता तेव्हा शाळेसाठी मुलं दरी उतरून, नदी ओलांडून, समोरच्या डोंगरावरच्या शिन्ग्वांगला जात. त्या गावातली घरं अंगणातून दिसतात, पण पायी पोचायचं तर निम्मा दिवस मोडतो.

पर्यटक इथे येतात ते झाडांसाठी. तैवानी लाल सायप्रस हा सूचिपर्णी वृक्ष सावकाश वाढतो, लाकूड सुगंधी आणि सहजी न कुजणारं. तेच त्याच्या मुळावर आलं. जपान्यांनी अलिशानला जंगलातून लाकूड काढायला रेल्वे घातली, आणि ते गेल्यावरही कुऱ्हाड थांबली नाही. टोकियोच्या मेजी देवळासमोर आज उभी असलेली लाकडी कमानही तैवानच्याच सायप्रसची आहे. नैसर्गिक जंगलातली तोड सरकारने बंद केली १९९१ मध्ये. त्याच सुमारास स्मांगुसच्या लोकांनी आपल्या रानातली महावृक्षांची राई शोधून काढली. मुखियाला स्वप्नात तसा संकेत मिळाला होता, असं गावात सांगतात. स्वप्न खरं असो वा नसो, झाडं खरी निघाली. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचा घेर वीस मीटरच्या आसपास, आणि वय अडीच हजार वर्षांच्या घरात मानलं जातं.

झाडांची बातमी पसरली, पाहुणे येऊ लागले आणि गावात भांडणं लागली. ज्याची खोली तयार त्याचा धंदा. भाऊ भावाचं गिऱ्हाईक पळवू लागला. आपल्याकडच्या कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी हे चित्र दिसतं. स्मांगुसने मात्र पुढे जे केलं ते सहसा कुणी करत नाही. २००४ पासून बहुतेक घरांनी जमीन, खोल्या, खानावळ असं सगळं एकत्र केलं. इस्रायलमधल्या किबुत्झच्या सामूहिक वसाहती त्यांनी आधी जाऊन पाहिल्या होत्या. सगळी कमाई एका खात्यात जमा होते आणि खोल्या झाडणारा, शेतात राबणारा, हिशेब लिहिणारा अशा सगळ्यांना सारखाच पगार मिळतो. मुलांची शिक्षणं, आजारपणं, लग्नं हा खर्चही त्याच खात्यातून होतो. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हेही ठरलेलं. माझ्या मते स्मांगुसला जाण्याचं मोठं कारण हे खातं आहे, झाडं त्याच्यानंतर.

या एकजुटीची परीक्षा लवकरच झाली. २००५ मध्ये वादळात झेलकोवाचं एक झाड रस्त्यावर कोसळलं. वनखात्याने खोड उचलून नेलं, बुंधा तिथेच राहिला. तो गावात आणायचा, असं गावसभेने ठरवलं. तो आणायला गेलेल्या तिघांवर लाकूडचोरीचा खटला भरला गेला आणि खालच्या न्यायालयांत ते दोषीही ठरले. दंड भरून मोकळं होणं सोपं होतं. गाव लढत राहिलं. आदिवासींच्या हक्कांचा मूलभूत कायदा त्याच वर्षी झालेला होता, आणि हे रान पिढ्यान्‌पिढ्या आमचंच, एवढाच त्यांचा मुद्दा होता. २००९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवून खटला परत पाठवला आणि २०१० मध्ये तिघेही निर्दोष सुटले. आपल्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला तोही २००९ मध्येच. या दोन गावांनी एकदा समोरासमोर बसून गप्पा मारायला हव्यात.

आता बेत आखायचा तर पहिली गोष्ट मुक्कामाची. खोली आधी ठरवल्याशिवाय निघू नये, आणि ती गावाकडूनच ठरवावी. फेब्रुवारीत इथे चेरी फुलते. तेव्हा सगळं तैवान डोंगर चढत असतं आणि खोल्या फार आधीच भरतात. मे-जूनचा पाऊस आणि त्यानंतरची वादळं टाळलेली बरी. दरड कोसळली की रस्ता बंद होतो आणि वर अडकलेला माणूस वरच राहतो. मला विचाराल तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, तोही आठवड्याच्या मधला दिवस.

तैपेईहून वेगवान रेल्वे अर्ध्या-पाऊण तासात शिन्चूला सोडते. पुढची गाडीवाट नेइवानवरून युलाओच्या खिंडीत चढते, शिऊलुआनला पार नदीपर्यंत उतरते आणि तिथून पुन्हा वर. गावापर्यंत सार्वजनिक बस नाही, मोठी बस तर चढतच नाही. घाटात गाडी चालवायची सवय असलेल्यानेही इथे स्थानिक चालक घ्यावा. शेवटचा टप्पा अरुंद आहे, आणि गर्दीच्या दिवसांत वर जाणाऱ्या व उतरणाऱ्या गाड्यांना वेगवेगळ्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. वेळ चुकली की शिऊलुआनला बसून राहायचं. डोंगरी भागाच्या प्रवेश परवान्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. रोख पैसेही शिन्चूतच काढून घ्या.

राईची वाट गावातून निघते, जाताना साधारण पाच किलोमीटर, सुरुवातीला बांबूच्या बनातून. चढ फार नाही, पण येऊन-जाऊन पाच तास धरा आणि सकाळीच निघा. दुपारी धुकं उतरतं आणि समोरचं झाडसुद्धा दिसेनासं होतं. झाडांच्या मुळांवर पाय देऊ नये, एवढं पथ्य पाळायचं.

जेवणाचं मात्र आधी सांगून ठेवा. बौद्ध परंपरेमुळे तैवानमध्ये शाकाहार काही नवा नाही, पण आयत्या वेळी पंगतीत बसून ‘मी हे खात नाही’ म्हणालात तर भात आणि कोबीवर भागवावं लागेल. कोबी तिथलाच असतो आणि चांगला असतो. अळंबी खा, आणि मकाव चुकवू नका. हे तमालपत्राच्या कुळातल्या झाडाचं मिऱ्याएवढं काळं फळ, अतायल स्वयंपाकातला मुख्य मसाला. दाताखाली आधी लिंबाच्या सालीसारखं लागतं, मग आल्यासारखं झोंबतं. ते चहातही घालतात. उन्हाळ्यात गेलात तर गावचे पीच घ्या. घासाघीस करू नका. ते पैसेही त्याच खात्यात जातात.