समुद्रातलं राखीव रान



आपल्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पण सेलू तालुक्यातलं बोरचं जंगल आपल्या ओळखीचं आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं. असंच राखीव रान समुद्राच्या पोटातही असतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

कोकणात मालवणच्या किनाऱ्याजवळ, शिवछत्रपतींनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. इथलं खरं धन पाण्याखाली आहे. खडकांवर पोवळी वाढतात. पोवळं दिसतं दगडासारखं, पण ते असतं असंख्य चिमुकल्या प्राण्यांचं घर. पाण्यात विरघळलेला चुना घेऊन ते प्राणी हे घर रचतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हाच्या जोरावर अन्न तयार करतं आणि घरधन्यालाही देतं. म्हणून पाणी गढूळ झालं की उजेड अडतो आणि पोवळी उपाशी राहतात. पाणी फार तापलं, तर शेवाळ निघून जातं, पोवळं पांढरं पडतं. ते शेवाळ परतलं नाही, तर पोवळं मरतं.

पोवळ्यांच्या कपारींत मासे आसरा घेतात, पिलं वाढतात. मोठी झालेली मासळी बाहेर पडते आणि मच्छीमाराच्या जाळ्यात येते. पुढच्या पेरणीसाठी आपण बियाणं राखून ठेवतो ना, तसंच हे.

मग अडचण कुठं आली? मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला. ज्याचं पोट होडीवर, त्याला ‘इथं जाळं टाकू नको’ म्हटलं, तर त्याची चूल पेटायची कशी? कुरण बंद झालं की गुराख्याला जी चिंता लागते, तीच ही. ती खोटी नाही. पण बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या जाळ्यांनी पिलंही ओढून नेली, तर उद्या तीच होडी रिकामी परतेल, हेही तितकंच खरं.

समुद्राला कुंपण घालता येत नाही. राखण करायची ती किनाऱ्यावरच्या माणसांनीच. म्हणून त्यांच्या पोटापाण्याचा विचार आधी व्हायला हवा. शिक्षकांनी नकाशावर बोर आणि मालवण दोन्ही दाखवावीत आणि मुलांना विचारावं : बियाणंही राहील आणि चूलही पेटेल, असं काय करता येईल?