बालवाडीत प्राण्यांच्या सांगाड्यांची ओळख

पुण्याच्या गुलटेकडी भागातील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड हा राज्यातील मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक होय. गूळ-भुसार, फळे-भाजीपाला, फुले अशा विभागांत येणारा माल ट्रकमधून उतरतो तो बव्हंशी माणसाच्या पाठीवरून. या भागातील बालवाडीत येणाऱ्या हमालाच्या मुलाने ‘कणा’ हा शब्द कदाचित ऐकला नसेल. परंतु ओझ्याखाली वाकलेली पाठ त्याने पाहिलेली असते. अशा मुलांना सांगाड्याची ओळख करून द्यावयाची, तर आरंभ पाठीपासून करणे स्वाभाविक ठरेल.

सांगाडा म्हटला की आपल्यासमोर उभे राहते ते भुताचे चित्र किंवा विषाच्या बाटलीवरील कवटी. लहान मूल हाडाकडे कुतूहलाने पाहते. किळस आणि भीती ते बहुधा मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते. यास्तव प्रथम चित्र नको, कवटी तर नकोच. मुलांनी एकमेकांच्या पाठीवरून बोट फिरवावे. बोटाला लागणारे उंचवटे म्हणजे मणके, एवढे सांगितले तरी पहिला पाठ झाला. दोऱ्याची रिकामी रिळे आणि जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या आलटून पालटून दोरीत ओवल्या की कणा कसा वाकतो व चकत्या कशा दबतात हे मूल स्वतःच करून पाहते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांत सामील झाल्या, तेव्हापासून परिसरातील साध्या वस्तूंनी शिकविण्याची परंपरा आपल्या राज्यात आहे. त्यात हाडांनाही स्थान मिळावयास हरकत नाही.

यानंतर कोंबडी, बकरी व मासा पुरेत. कोंबडीच्या छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी उभी धार असते. पंख हलविणारे स्नायू तिला जखडलेले असतात. पंख उघडला तर खांदा, कोपर, मनगट ओळीने सापडतात. ‘कोंबडीलाही हात आहे’ हा शोध मुलांना फार आवडतो. तिच्या मानेत चौदाच्या आसपास मणके असतात, म्हणून ती मान पार मागे वळवू शकते. माणूस, बकरी आणि उंच मानेचा जिराफ या तिघांच्याही मानेत मात्र सातच! बकरीचा मागचा गुडघा उलटा वाकतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः तो गुडघा नव्हेच. ती तिची टाच आहे, आणि खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. बकरी दोन बोटांच्या नखांवर चालते हे कळल्यावर मुले वर्गभर चवड्यांवर चालू लागतील; शिक्षिकेने त्यांना थांबवू नये.

बकरीचा कणा पुढच्या व मागच्या पायांवर पुलासारखा आडवा टेकलेला असतो. माणसाचा कणा उभा. डोक्यावर वा पाठीवर घेतलेल्या गोणीचा भार त्याच्या खालच्या मणक्यांवर आणि मधल्या गाद्यांवर येतो. एके काळी 100 किलोची गोणी उचलणे हे हमालाचे नित्याचे काम असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचविली. महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम झाला. आणि बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने गोणीचे वजन 50 किलोंवर आणण्याचा आग्रह धरला. हा इतिहास पाच वर्षांच्या मुलाला सांगावयाचा नाही. परंतु रबराची दबलेली चकती पाहून एखाद्याने ‘बाबांची पाठ म्हणून दुखते का?’ असे विचारले, तर शिक्षिकेला सरळ उत्तर देता आले पाहिजे.

आणखी एक सोपा प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड शिरक्यात बुडवून ठेवावे व शिरका अधूनमधून बदलावा. काही दिवसांत हाडातील चुन्याचे क्षार विरघळतात आणि ते रबरासारखे वाकू लागते. दूध, नाचणी, हिरव्या भाज्या यांविषयी दिलेल्या व्याख्यानापेक्षा हे हाड अधिक बोलते.

हाडे स्वयंपाकघरातील किंवा खाटकाकडील घ्यावीत. ती उकळून मांस काढावे, साबणाच्या पाण्यात काही दिवस ठेवून तेलकटपणा घालवावा व उन्हात वाळवावीत. हे सर्व मोठ्यांनी करावयाचे. माशाचे काटे आणि टोकदार तुकडे लहानांच्या हाती देऊ नयेत. ते पारदर्शक डब्यात बंद करून दाखवावेत. रस्त्याकडेला वा माळावर मरून पडलेल्या जनावराची हाडे आणू नयेत. काळपुळीसारख्या रोगाचे जंतू तेथे दीर्घकाळ टिकून राहतात. मोराचे पाय, हरणाची शिंगे, वाघनख्या अशा वस्तू कोणी हौसेने शाळेस देऊ केल्या तरी स्वीकारू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये शाळा अडचणीत येऊ शकते.

घरच्या आचाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शाकाहारी घरातील मुलावर हाड हाताळण्याची सक्ती नसावी. त्याला रिळांचा कणा आहेच. त्याचबरोबर ‘आमच्या घरी हाडे असतात’ असे सांगणाऱ्या मुलाकडे कोणी नाक मुरडून पाहणार नाही याची दक्षता घ्यावी. हाडे व कातडी यांच्या कामाशी निगडित घरांना आपल्या समाजाने दीर्घकाळ दूर ठेवले आहे. बालवाडीत त्याची पुनरावृत्ती झाली तर प्रयोग न केलेला बरा. पालकसभेत हा विषय आधीच मांडावा, म्हणजे गैरसमज टळेल.

थोड्या मोठ्या मुलांना डेक्कन कॉलेजच्या कार्याविषयी सांगता येईल. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तेथे सापडलेल्या हाडांच्या तुकड्यांवरून अभ्यासकांनी गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या व हरणे ओळखली, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक काय पाळत व काय खात हे त्यावरून समजले.