पेशींचे निरोप : ‘ड’ची पुडी पोटात गेल्यावर

इन्सुलिन पेशीच्या आवरणाबाहेर थांबून आपलं काम करवून घेतं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. ‘ड’ जीवनसत्त्वाला बाहेर थांबावं लागत नाही. ते स्निग्धात विरघळणारं आणि पेशीचं आवरणही स्निग्धाचंच. त्यामुळे ते सरळ आत शिरतं.

पण केमिस्टकडची साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेतली की लगेच काम सुरू होतं, असं नाही. पुडीतलं काय किंवा उन्हामुळे त्वचेत बनलेलं काय, ‘ड-३’ स्वतः जवळपास निष्क्रियच. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, मूत्रपिंडात आणखी एक, तेव्हा कुठे कॅल्सिट्रिऑल तयार होतं. लॅबच्या रिपोर्टवरचा आकडा असतो तो यकृतातल्या मधल्या टप्प्याचा. प्रत्यक्ष हुकूम देणारं कॅल्सिट्रिऑल रक्तात त्याच्या सुमारे हजारपट कमी असतं.

केंद्रकात त्याची गाठ ‘व्हीडीआर’ या ग्राही प्रथिनाशी पडते. कॅल्सिट्रिऑल खोबणीत बसलं की व्हीडीआरचा आकार बदलतो, ते ‘आरएक्सआर’ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि ही जोडी डीएनएवर ठरावीक जागा धरते: सहा अक्षरं, मध्ये तीन सोडून पुन्हा साधारण तीच सहा. मग जवळची काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात. आतड्याच्या पेशी यातूनच कॅल्शियम ओढून घेणारी प्रथिनं बनवतात. गंमत अशी, की सर्वांत जोरात जागं होणाऱ्या जनुकांपैकी एक आहे कॅल्सिट्रिऑललाच मोडून टाकणाऱ्या विकराचं. हुकूम वाचून झाला की कागद फाडायचा! म्हणूनच ‘जास्त घेतलं तर जास्त फायदा’ हा हिशेब मला पटत नाही.

सगळाच कारभार मूत्रपिंडाच्या हाती नसतो. क्षयाच्या जंतूंची चाहूल लागली की आपल्या भक्षक पेशी व्हीडीआर वाढवतात, मधल्या टप्प्यातलं ‘ड’ घेऊन स्वतःच कॅल्सिट्रिऑल बनवतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. हे २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. सारकॉइडोसिस या आजारात मात्र अशाच पेशी बेलगाम होतात. त्यांनी बनवलेलं कॅल्सिट्रिऑल रक्तात उतरतं आणि कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं.

मग क्षय टाळायला सरसकट ‘ड’ द्यावं का? प्रयोगशाळेतल्या पेशी पाहून तसं वाटणं साहजिक होतं. मंगोलियात, उलानबातरच्या ८,८५१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट ‘ड’, बाकीच्यांना नुसतीच दिखाऊ गोळी. निकाल २०२० मध्ये आले. ‘ड’ घेणाऱ्या मुलांच्या रक्तातली पातळी चांगली वाढली होती. क्षयाच्या संसर्गाचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं.