गळ्यातून गळ्यात

माझी भाची बारामतीला कॉलेजात आहे. तिला कोरियन मालिकांचं वेड. मालिकेपेक्षा तिच्यामागे वाजणाऱ्या संगीताचं जास्त. रात्री साडेअकराला मोबाईल वाजला की समजावं, काहीतरी आलंय. "मामा, हे ऐका ना, झोपायच्या आधी." एकदा आलं ते गायागम. बारा तारांचं आडवं वाद्य, तारा मूळच्या रेशमाच्या. मग तिचा मोर्चा चीनकडे वळला आणि एकवीस तारांचं गुझेंग आलं. पाठोपाठ मंगोलियाचं घोड्याचं डोकं कोरलेलं, दोनच तारांचं मोरिन खूर. तारा कमीकमी होत गेल्या आणि एके दिवशी व्हिएतनामचं दान बाऊ आलं. तार एकच. 'बाऊ' म्हणजे भोपळा.

"मामा, ही तर आपली एकतारी!"

मी म्हटलं, भोपळ्यापुरती. दान बाऊच्या एका टोकाला लवचीक दांडी असते. उजव्या हाताने तार छेडता छेडता हाताच्या कडेने तिला हलकेच स्पर्श करायचा आणि डाव्या हाताने दांडी वाकवून ताण कमीजास्त करायचा. एका तारेतून अख्खं गाणं निघतं, माणूस रडल्यासारखं. आपली एकतारी, तुणतुणं, दिंडीतली वीणा यांच्याकडून असलं काही कुणी मागतच नाही. तार मोकळी छेडायची. गाणं म्हणायचं ते माणसांनी, तारेने फक्त खालची जमीन धरून ठेवायची.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. तिथल्या हरिनाम सप्ताहात मी पहिल्यांदा वीणा गळ्यात घातली तेव्हा चौदा वर्षांचा असेन. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी पूजन करून वीणा उभी राहते आणि काल्याचं कीर्तन होईपर्यंत जमिनीला टेकत नाही. सात दिवस, सात रात्री. देवळातल्या फळ्यावर खडूने पहाऱ्यांची यादी लिहिलेली असते, कोण किती ते किती. पहारेकऱ्याने बसायचं नाही. उभं राहून किंवा सावकाश येरझारा घालत तार छेडायची आणि तोंडाने नामस्मरण. पुढचा आला की तो आधी पाया पडतो, मग देणारा त्याच्या पाया पडतो. वय, जात, जमीन किती, काही बघायचं नाही. दोन्ही हातांनी वीणा उचलून त्याच्या गळ्यात. त्या बदलीच्या क्षणीही तार बोलत राहिली पाहिजे, असा जुन्या माणसांचा कटाक्ष.

माझा पहारा रात्री एक ते तीनचा होता. तीन वाजले, पुढचा आलाच नाही. उसाला रात्रपाळीचं पाणी होतं, तिकडेच अडकला असावा. मी पाचपर्यंत उभा. पायांत गोळे आले, पण पहाटे काकड्याला माणसं जमली आणि पेटीवाल्याने वीणेच्याच सुरात सूर मिळवला तेव्हा वाटलं, रात्रभर हे आपण सांभाळलं. आवडतं गाणं दुसऱ्याला पाठवण्याचा आनंद मला ठाऊक आहे. हा आनंद थोडा वेगळा होता.

आषाढात हीच वीणा रस्त्यावर येते. तुकोबारायांच्या पालखीचा सोहळा त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केला. देहूहून निघालेली ही वाट बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून जाते: उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. फोटोवाले तिथेच गर्दी करतात. मी म्हणेन, बेलवाडीचं गोल रिंगण बघा. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या बाया धावतात, आणि मग वीणेकरी. एरवी दिंडीत संथ चालणारी ही माणसं, कुणी सत्तरीचा, भोपळा छातीशी धरून पळत सुटतात. तंतुवाद्य घेऊन पळणारे वादक जगात आणखी कुठे असतील तर भाचीने मला जरूर पाठवावेत.

बारामतीचं गाण्याशी नातं पालखीपुरतं नाही. पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत (1729–1794) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे आले आणि इथेच राहिले. त्यांच्या आर्या पोथीत पडून राहिल्या नाहीत, कारण नारदीय कीर्तनकारांनी त्या गाऊन गावोगाव नेल्या. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांच्या कानाला चाली परक्या वाटल्या नाहीत. साकी, दिंडी, कामदा हे सगळं कीर्तनातून कानावर पडलेलंच होतं. (दिंडी हे वृत्ताचंही नाव आहे, हे पालखीच्या वाटेवर राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.) कीर्तनातलं गाणं नाटकात गेलं ते असं, तिकीट लावून.

उलटा प्रवास अधिक मजेचा. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' 1936 मध्ये आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत केशवराव भोळ्यांचं, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, जे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. त्यात बीज आणि वृक्ष यांच्यावरचं एक पद आहे. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, पण लोकांना ते तुकोबांचंच वाटलं आणि जाणकारही गाथेत शोधत बसले. आमच्याकडे भजनी मंडळात ते अभंग म्हणूनच म्हणतात. मी एकदा खुलासा करायला गेलो तर टाळकरी म्हणाले, "असू दे की, तुकारामालाच घातलंय ना?" चित्रपटाचं गाणं देवळात शिरलं आणि नाव-गाव विसरून तिथेच राहिलं. गीतकाराला याहून मोठी पावती कोणती, आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता?

'कान्होपात्रा' नाटकाचंही तसंच. 1931 मध्ये बालगंधर्वांनी ते केलं, मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या, आणि त्यातले अभंग नाटक मागे पडलं तरी गळ्यागळ्यांत राहिले. कान्होपात्रा मंगळवेढ्याची. आणि आपल्या तंबोऱ्यांचा भोपळाही पंढरपूर-मंगळवेढा भागातलाच. इंदापूरच्या अंगाला उजनीचा फुगवटा बनून थांबलेली भीमा नीरा नरसिंहपूरला नीरेला घेऊन पुढे पंढरपूरला जाते आणि त्या टापूत हे कडू भोपळे पिकतात. खायच्या कामाचे नाहीत. वेलीवर पुरते जून झाले की उतरवायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे, मग ते मिरजेला जातात.

मिरजेच्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी त्याच हातांना तंतुवाद्याची दुरुस्ती आणि मग घडण शिकवली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कापणं, दांडी जोडणं, खुंट्या बसवणं हे डोळ्यांना दिसतं. खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा कानसेने असा घासायचा की तार तिला पुसटशी चाटत राहावी आणि सूर गुंजत राहावा. जरा जास्त घासलं की आवाज फुटका, कमी घासलं की मुका. हे मोजपट्टीने होत नाही. तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायची.

गेल्या सप्ताहात भाची माझ्या आजोळी आली होती. पहारा उतरवून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या वीणेकरी आजोबांच्या कानाशी तिने मोबाईल धरला आणि दान बाऊ ऐकवलं. आजोबांनी डोळे मिटले, मान डोलावली, संपल्यावर पडद्यावरचं वाद्य न्याहाळून विचारलं,

"एकच तार? ब्येस हाय. पर गळ्यात कशी घालत्यात?"

"गळ्यात नाही घालत, आजोबा. पुढ्यात ठेवून बसून वाजवतात."

"मंग," आजोबा म्हणाले, "दुसऱ्याला देत्यात कशी?"