दुःखाला घाई नसते

‘झालं गेलं विसर आणि कामाला लाग.’ दुःखात असलेल्या बाईला हे वाक्य किती सहज ऐकवलं जातं ना! आई गेल्यावर मीही ते पुष्कळांकडून ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती, पण खरी सोबत मला मिळाली ती परक्या भाषेतल्या एका संगीताची.

पोलंडचे संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांनी १९७६ साली आपली तिसरी सिंफनी लिहिली. तिला ‘शोकगीतांची सिंफनी’ म्हणतात. गुरेत्स्कींची स्वतःची आई ते दोन वर्षांचे असतानाच गेली होती. जवळजवळ तासाभराच्या या रचनेत तीन गाणी आहेत आणि वाद्यवृंदासोबत गाणारा स्त्रीचा आवाज एकच. पहिल्या गाण्यात येशूच्या मरणाने व्याकूळ झालेली मेरी आहे. तिसऱ्यात उठावात मारल्या गेलेल्या मुलाला शोधणारी खेड्यातली आई आहे.

मधलं गाणं मात्र लेकीचं! १९४४ साली झाकोपाने गावात गेस्टापोच्या कोठडीत डांबलेल्या अठरा वर्षांच्या हेलेनाने भिंतीवर काही शब्द कोरले होते. त्यात सूडाची भाषा नाही. उलट तीच आईला सांगते, रडू नकोस म्हणून. स्वतः अंधारात असताना दुसऱ्याचे डोळे पुसायचे! गुरेत्स्कींना भिडलं ते नेमकं हेच.

सिंफनीची सुरुवात इतक्या खालच्या स्वरात होते की कान देऊन ऐकावं लागतं. मग एकेक वाद्यं तीच सुरावट उचलत हळूहळू वर चढतात. कुठेही घाई नाही. शेवटच्या भागात दोनच स्वरमेळ पुन्हा पुन्हा येत राहतात. मला तर जात्यावरच्या ओव्याच आठवल्या. डोळ्यांत पाणी असलं तरी हात थांबत नाही. आणि मग अगदी शेवटी तो उदास सूर उजळतो. मुलगा परत येत नाही, पण आईच्या मनाला विसावा मिळतो.

१९९२ साली डॉन अपशॉ यांच्या आवाजात निघालेली या रचनेची सीडी दहा लाखांहून जास्त खपली. पोलिश भाषेचा गंध नसलेल्या लोकांनीही ती घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी दुःखात असेल तर लगेच समजूत काढायला जाऊ नका. नुसतं जवळ बसा. तिचा सूर वर चढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा लागू द्या.