दुपारी बारा ते तीन

रविवार, २७ जानेवारी १९३५. अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावचे कॅथलिक धर्मगुरू चार्ल्स कॉग्लिन यांनी रेडिओवरच्या साप्ताहिक भाषणात श्रोत्यांना एक काम सांगितलं. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील होऊ नये, अशी तार आपापल्या सिनेटरला करा. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये तारांचा लोंढा येऊन थडकला. मंगळवारी मतदान झालं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हव्या असलेल्या ठरावाच्या बाजूने ५२ आणि विरोधात ३६ मतं पडली. दोन तृतीयांशांना सात मतं कमी पडली आणि ठराव बारगळला. हर्स्ट यांची वृत्तपत्रंही या ठरावाविरुद्ध रान उठवत होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कॉग्लिन यांचं नव्हतं. पण माइकसमोर बसलेला माणूस दोन दिवसांत सिनेटवर केवढा दाब आणू शकतो, हे त्या आठवड्यात देशाला कळलं.

कॉग्लिन १९२६ पासून रेडिओवर बोलत होते. सुरुवातीला मुलांना धर्मशिक्षण देणं एवढाच त्यांचा उद्देश होता. महामंदी आली, घराघरात बेकारी शिरली आणि त्यांच्या भाषणांत बँका, चलन आणि मजुरी हे विषय आले. भरात असताना त्यांचे श्रोते तीन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज केला जाई. आधी ते रूझवेल्ट यांचे कट्टर समर्थक होते, पुढे तितकेच कडवे विरोधक झाले. १९३६ च्या निवडणुकीत त्यांनी युनियन पार्टीचे विल्यम लेम्के यांना उभं केलं. नव्वद लाख मतं मिळवून देईन, नाहीतर रेडिओ सोडेन, अशी ग्वाहीही दिली. लेम्के यांना नऊ लाखही मतं मिळाली नाहीत.

मग प्रभाव होता की नव्हता? या प्रश्नाचं उत्तर अर्थतज्ज्ञ तियान्यी वांग यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडतं. ज्या काउंटींमध्ये कॉग्लिन यांचं प्रक्षेपण चांगलं ऐकू येत होतं, तिथे १९३६ मध्ये रूझवेल्ट यांची मतं अधिक घटली होती. सांगेल त्याला मत द्यायला श्रोते तयार नव्हते, पण ज्याच्याविषयी आठवड्यामागून आठवडे वाईट ऐकलं त्याच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पुढच्या सगळ्या इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा दिसतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉग्लिन यांनी भाषणात नाझींच्या कृत्यांचं समर्थन होईल असा युक्तिवाद मांडला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्राने त्यांचं पुढचं भाषण लावायला नकार दिला. १९३९ मध्ये प्रक्षेपकांच्या संघटनेने वादग्रस्त विषयांवर वेळ विकत देण्यावर बंधनं घातली आणि १९४० मध्ये कॉग्लिन यांचा आवाज रेडिओवरून गेला. १९४२ मध्ये त्यांच्या बिशपनेही त्यांना राजकारण सोडायला लावलं.

युद्धानंतर हा धडा नियमात उतरला. १९४९ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने समतोलाचं तत्त्व लागू केलं. परवानाधारक केंद्राने सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांना वेळ द्यावा आणि त्यातली दुसरी बाजूही ऐकवावी, असा त्याचा अर्थ. लहरी मोजक्या आहेत आणि त्या जनतेच्या मालकीच्या आहेत, हा त्यामागचा विचार. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. या काळातही तिखट बोलणारे निवेदक होते. डेन्व्हरचे अ‍ॅलन बर्ग ज्यू होते, उदारमतवादी होते आणि वर्णद्वेष्ट्यांना थेट प्रक्षेपणात सुनावत. १८ जून १९८४ रोजी वर्णद्वेषी टोळीने त्यांच्या घरासमोर त्यांना गोळ्या घालून मारलं.

नंतर तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. संगीत एफएमवर गेलं आणि एएम केंद्रांपुढे दिवसाचे तास भरायचे कशाने, हा प्रश्न उभा राहिला. उपग्रहामुळे एकच कार्यक्रम शेकडो गावांत थेट पोचवणं स्वस्त झालं. आणि ऑगस्ट १९८७ मध्ये कमिशनने समतोलाचं तत्त्व रद्द केलं. संसदेने त्या तत्त्वाला कायद्याचं बळ देणारं विधेयक मंजूर केलं होतं, पण राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता.

वर्षभरात, १ ऑगस्ट १९८८ रोजी, न्यूयॉर्कहून रश लिंबॉ यांचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. सुरुवात ५६ केंद्रांवर. वेळ दुपारी बारा ते तीन, सोमवार ते शुक्रवार. मिसुरीतल्या केप जिरार्डो गावचे लिंबॉ पूर्वी गाण्यांचे निवेदक होते आणि त्यांनी अनेक नोकऱ्या गमावल्या होत्या. त्यांनी गाण्याच्या रेडिओची चटपटीत शैली राजकारणाला लावली. विडंबनगीतं, नकला, टोपणनावं, मोठमोठ्या बढाया. पाहुणे फारसे नसत. कोणाचा फोन घ्यायचा ते आधी ठरे आणि बराचसा वेळ ते एकटेच बोलत. जाहिरातीही स्वतःच्या आवाजात वाचत.

या तीन तासांचं बळ समजून घ्यायला हवं. वर्तमानपत्र वाचायला बसावं लागतं, टीव्हीकडे बघावं लागतं. रेडिओ ट्रक चालवताना, दुकानात माल लावताना, स्वयंपाकघरात काम करताना सोबत करतो. आठवड्याला पंधरा तास कानाशी बोलणारा माणूस घरातला वाटू लागतो, आणि घरातल्या माणसाचं बोलणं कोणी उलटतपासणी घेत ऐकत नाही.

संघटित ताकदीची पहिली चुणूक फेब्रुवारी १९८९ मध्ये दिसली. संसद सदस्यांचं वेतन ५१ टक्क्यांनी वाढणार होतं. डेट्रॉइट, बोस्टन आणि इतर शहरांतल्या निवेदकांनी श्रोत्यांना निषेध म्हणून चहाच्या पुड्या वॉशिंग्टनला पाठवायला सांगितल्या. पुड्यांचा ढीग लागला आणि दोन्ही सभागृहांनी वेतनवाढ फेटाळली. यात डावे-उजवे असा भेद नव्हता. निवेदकांच्या बरोबर ग्राहकहितासाठी लढणारे राल्फ नेडरही होते.

भेद आला तो पुढे. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ५४ जागा वाढवून चाळीस वर्षांनी बहुमत मिळवलं. नवनिर्वाचित सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या गटाचं मानद सदस्यत्व दिलं. त्याच सुमारास इंडियानात माइक पेन्स नावाचे पराभूत उमेदवार रेडिओ कार्यक्रम करून नाव कमावत होते. पुढे ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनेल या कंपनीकडे काही वर्षांत हजाराहून अधिक केंद्रं आली आणि स्थानिक निवेदकांच्या जागी अनेक गावांत तेच ते मोजके आवाज ऐकू येऊ लागले.

उदारमतवाद्यांनी २००४ मध्ये एअर अमेरिका हे रेडिओ जाळं काढून उत्तर देऊन पाहिलं. जानेवारी २०१० मध्ये ते बंद पडलं.

२००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश स्थलांतरितांविषयीचं विधेयक आणत होते. राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते, तरीही उजव्या निवेदकांनी ते धुळीला मिळवायचं ठरवलं. २८ जूनच्या मतदानाच्या दिवशी सिनेटची दूरध्वनी यंत्रणा फोनच्या माऱ्याने कोलमडली आणि विधेयक ४६ विरुद्ध ५३ मतांनी अडलं. टॉक रेडिओच देश चालवतो आहे, अशी तक्रार त्याआधी ट्रेंट लॉट यांनी केली होती, आणि ते स्वतः रिपब्लिकन सिनेटर होते. जून २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्ह ब्रॅट या फारशा कोणाला माहीत नसलेल्या प्राध्यापकांकडून हरले. निवेदिका लॉरा इंग्रॅहम यांनी ब्रॅट यांच्यासाठी सभा घेतली होती.

या घटना एकत्र पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. निवेदकांनी विरोधकांची मतं फारशी बदलली नाहीत. आधीच आपल्या बाजूला कललेल्या श्रोत्यांना त्यांनी आज कशाचा राग धरायचा आणि कुठे फोन फिरवायचा हे सांगितलं. इतिहासकार ब्रायन रोझेनवाल्ड यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे, की हा धंदा मुळात श्रोते आणि जाहिराती मिळवण्यासाठी उभा राहिला आणि त्याने पुढे पक्षातल्या मवाळांची जागाच उरू दिली नाही. तडजोड करणारा नेता रेडिओवर कंटाळवाणा ठरतो, म्हणून तो गद्दार ठरवला गेला. लोकशाहीचं झालेलं हे नुकसान खरं आहे आणि मोठं आहे.

त्याची किंमत माणसांनीही मोजली. नॅशव्हिलचे फिल व्हॅलेंटाइन २००१ मध्ये टेनेसीतल्या प्रस्तावित आयकराविरुद्ध श्रोत्यांना राज्याच्या विधिमंडळाभोवती जमवत होते. तो कर आला नाही. वीस वर्षांनी त्याच माइकवरून ते करोनाच्या लशीविषयी शंका घेत होते. जुलै २०२१ मध्ये त्यांना करोना झाला. लशीचा अधिक ठामपणे पुरस्कार केला नाही याचा त्यांना पश्चात्ताप होतो, असं कुटुंबाने श्रोत्यांना कळवलं. २१ ऑगस्टला ते गेले. वय ६१.

त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला लिंबॉ यांचं फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झालं होतं. तोवर त्यांचा कार्यक्रम सहाशेहून अधिक केंद्रांवर लागत होता, आणि वर्षभरापूर्वी संसदेच्या संयुक्त अधिवेशनातच त्यांना देशातला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला होता. दुपारी बारा ते तीनची वेळ मोकळी राहिली नाही. त्या वेळेसाठी पुढे आलेल्यांत डॅन बाँजिनो होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी कार्यक्रम बंद केला, कारण राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना एफबीआयचे उपसंचालक नेमलं होतं.