चोराला अडवणारी जाळी

१८ मे २०२५च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचे घर त्याच इमारतीत. त्याच्या कुटुंबीयांसह ८ जण आत अडकून दगावले.

सोलापूर जिल्ह्यातल्याच वैरागकडच्या नव्या बंगल्यांत असे अडकण्याची सोय आपणच करतो. चोरीच्या धास्तीने प्रत्येक खिडकीला पक्की वेल्डिंग केलेली जाळी, दाराला आतून कुलूप आणि किल्ली आजोबांच्या उशाखाली. धूर काही मिनिटांत खोली भरतो. अंधारात किल्ली कोण शोधणार? जुन्या वाड्याचा अडसर बरा, हाताने सरकायचा तरी.

प्रत्येक झोपायच्या खोलीत एक जाळी बिजागरीची, आतून किल्लीविना उघडणारी हवी. वेल्डिंगवाला जुन्या जाळीतही हा बदल करून देतो. अग्निशमन दल: १०१, आपत्कालीन मदत: ११२.